घोळक्याची तोफ

ताबोरच्या जुन्या नगरभवनातल्या संग्रहालयात आम्ही मायलेकी शिरलो तेव्हा बाहेर बारीक पाऊस लागला होता आणि आत ओल्या लोकरीचा वास कोंदला होता, कारण आमच्या आधीच कुठल्याशा प्राथमिक शाळेची वीसपंचवीस मुले आपले भिजलेले कोट खुंट्यांना अडकवून दालनात आली होती. मधोमध एका लाकडी गाड्यावर आखूड, जाडजूड लोखंडी नळी बसवलेली होती. तोफ म्हणताना संकोच वाटावा इतकी ती छोटी. तोंड मात्र असे रुंद की सोललेला नारळ अलगद आत जावा. मुलांनी तिला गराडा घातला होता. एक जण वाकून आत डोकावत होता, दुसऱ्याने त्याच्या कानापाशी तोंड नेऊन तोफ उडाल्याचा आवाज काढला आणि सगळी मुले खिदळली. तेवढ्यात त्यांच्या बाई आवाज न चढवता काहीतरी बोलल्या आणि तो गराडा पाहता पाहता सुटून दोघादोघांच्या रांगेत उभा राहिला. बाईंच्या त्या वाक्यातला एकच शब्द मला उमगला, आणि तोही अशासाठी की तो मी नुकताच तोफेखालच्या पाटीवर वाचला होता, निदान त्याचा पहिला अर्धा भाग. ‘होउफ.’

“काय म्हणाल्या गं त्या?” मी लेकीला विचारले.

“घोळका करू नका, दोघं दोघं चला, असं म्हणाल्या.”

पाटीवर चेक भाषेत लिहिले होते ‘होउफनित्से’, आणि खाली इंग्रजीत ‘हॉवित्झर’. लेक गेली अकरा वर्षे प्रागमध्ये राहते. ‘होउफ’ हा शब्द ती चिमण्यांसाठी वापरते, ट्रॅममध्ये चढणाऱ्या पर्यटकांसाठी वापरते, पण या तोफेशी त्याचा संबंध तिनेही कधी जोडला नव्हता. “म्हणजे घोळक्याची तोफ की गं,” असे म्हणून ती हसली आणि पुढच्या दालनाकडे वळली. मी मात्र तिथेच उभी राहिले. ती मुले आता रांगेने जिना चढत होती, आणि मला उगाचच असे वाटत होते की बाईंनी त्यांना त्या नळीसमोरून वेळेवर बाजूला केले.

हा शब्द मला का टोचला, हे सांगायचे तर देवळाली कॅम्पापर्यंत मागे जावे लागेल. आताच्या पाकिस्तानातल्या काकुलहून हलवलेले तोफखाना विद्यालय आमच्या गावात आले आणि आमच्या अण्णांच्या शिवणकामाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळाले. मी शाळेत जाऊ लागले तोवर १९७०चे दशक उजाडले होते. दुकानात खाकी आणि हिरव्या कापडाचे तागे उभे असत, खडूची भुकटी फळीवर सांडलेली असे, आणि अण्णांच्या उजव्या हाताशी मापांची एक लांबोडकी वही असे. त्या वहीत दरेक गनरचे एक पान. छाती ३८, कंबर ३१, बाही, खांदा, आणि शेवटी पेन्सिलीने अण्णांची स्वतःसाठीची एखादी खूण: ‘डावा खांदा उतरता’, ‘बसताना कोट ताणतो’. ही माणसे दूरदूरच्या प्रांतांतली होती आणि मराठी कोणालाच धड येत नव्हते, पण मापे देताना हात कधी वर करायचे आणि श्वास कधी सोडायचा हे सगळ्यांना कळे. आठवड्यातून काही दिवस डोंगराच्या बाजूला ‘फायरिंग’ असे. तोफा हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. गाव फायरिंग म्हणे आणि गिऱ्हाईके गन म्हणत. पहिला दणका नळीचा, दुसरा गोळा पडल्याचा, आणि मधले अंतर आम्ही मुले बोटांवर मोजत असू. खिडकीची तावदाने थरथरत, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत, आणि आई न बोलता लोणच्याची बरणी फळीच्या काठापासून भिंतीकडे सरकवून ठेवी. हॉवित्झर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्या दुकानात, बाहीचे माप देत उभ्या असलेल्या एका हवालदाराच्या तोंडून. अण्णा तो ‘हविझर’ असा म्हणत. मला तो ‘शेरवानी’सारखा कापडाचाच एखादा प्रकार वाटला होता.

तेव्हापासून हा शब्द माझ्या कानात आहे, आणि तो नेमका कशाचा बनलेला आहे हे मी पन्नास वर्षांत एकदाही विचारले नव्हते. लोखंडाच्या वस्तूला लोखंडी आवाजाचे नाव असावे, असे गृहीत धरून मी स्वस्थ होते. वर्तमानपत्रेही त्याला हॉवित्झर, होवित्झर, हॉविट्झर असे काहीही लिहीत असतात आणि कोणाचे काही अडत नाही.

‘होउफ’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मी त्या दिवशी ताबोरच्या चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसून सोडवू पाहत होते. पक्ष्यांचा असेल तर थवा, गुरांचा असेल तर कळप, पोरांचा असेल तर घोळका, लांडग्यांची झुंड, उंटांचा तांडा. आपल्या भाषेने प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे आणि चेक भाषा यातल्या काहींना एकाच शब्दात गोळा करते. पण तोफ ज्याच्यावर डागायची त्या होउफला मराठीत कोणता शब्द लावावा? तिथे घोळका चालत नाही. तिथे ‘जमाव’ हाच शब्द जिभेवर येतो, आणि तो आला की मला जरा अवघडल्यासारखे होते. जमाव या शब्दाबरोबर आपल्याकडे काय काय येते ते पाहावे: जमावबंदी, संतप्त जमाव, बेकायदा जमाव, जमावाला पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार. आपण वारीला जमाव म्हणत नाही. लग्नातल्या माणसांना म्हणत नाही. आपल्या बाजूची असतात ती माणसे, मंडळी, लोक. समोरच्या बाजूला उभी राहिली की त्यांचा जमाव होतो, आणि जमाव झाला की त्यातल्या कोणाचे माप घ्यावे लागत नाही. हा शब्द बसल्या जागेवरून उच्चारता येत नाही. त्यासाठी समोर, थोडे उंचावर, बहुधा एखाद्या गाड्यामागे उभे राहावे लागते.

ताबोरच्या लोकांकडे तो गाडा होता. यान हुस या धर्मोपदेशकाला कॉन्स्टन्स इथे ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले गेले, त्यानंतर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या मुलखात, जो वणवा पेटला त्याच्या धगीत १४२० साली हे गाव वसले. गावाचे नाव बायबलमधल्या डोंगराचे. येणाऱ्याने आपल्याजवळचे सगळे किडूकमिडूक चौकातल्या मोठ्या लाकडी पिंपांत टाकायचे आणि मग सगळ्यांचे ते सगळ्यांचे, असा सुरुवातीचा शिरस्ता. अशा लोकांवर १४२० ते १४३१ या काळात पाच वेळा धर्मयुद्ध पुकारले गेले. समोरून येणार होते ते युरोपातले चिलखती सरदार, घोड्यांसकट लोखंडात मढवलेले. इकडे होते शेतकरी, कारागीर, त्यांच्या बायका, आणि त्यांचा सेनानी होता यान झिश्का नावाचा साठीकडे झुकलेला एकाक्ष माणूस. त्यांच्याजवळ जे होते तेच त्यांनी युद्धात आणले. धान्य झोडायच्या दांड्याला लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकून शस्त्र केले. माल वाहायच्या गाड्यांना जाड फळ्या लावल्या, चाकाला चाक साखळीने बांधले, आणि मोकळ्या रानात तासाभरात एक कोट उभा केला. गाड्यांच्या या गढीच्या फटींत ही आखूड, रुंद तोंडाची नळी बसवली जाई. तिच्यात दगडी गोळा भरावा, नाहीतर मूठमूठ खडे आणि लोखंडाचे तुकडे. लांबवर मारा करणे तिच्याकडून व्हायचे नव्हते. सरदारांची फळी अगदी जवळ, घोड्यांच्या नाकपुड्या दिसतील इतकी जवळ येऊ द्यायची आणि मग बत्ती द्यायची. नेम धरायची गरजच नव्हती. एवढ्या दाटीत काहीतरी कशाला तरी लागणारच होते, आणि ज्याला लागणार नव्हते ते घोडे आवाजाने आणि धुराने बुजून आपल्याच मागच्या घोड्यांवर जाणार होते. पुढे काम बाकी राही ते साखळीच्या सोट्यांचे.

म्हणून होउफनित्से. गर्दीवर चालवायची ती.

या नावात एक उलटापालट आहे आणि ती माझ्या मनातून जात नाही. शतकानुशतके सरदारांच्या नजरेत शेतकरी म्हणजे बेशिस्त लोंढा, आणि लढाई ही ज्यांना नाव, कूळ आणि ढालीवर चिन्ह आहे अशांची गोष्ट. आता नांगर सोडून आलेल्या माणसाने गाड्याच्या फळीमागून त्याच सरदारांकडे पाहिले आणि त्याला ती चिन्हे दिसली नाहीत, एक होउफ दिसला. हा शब्द तेव्हाही सैन्याच्या तुकडीसाठी रूढ होताच, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याच्या मनात फार मोठा सूड होता असे काही मी म्हणणार नाही; बंदुकीची दारू भरता भरता कोणी एवढा विचार करत नसतो. तरीही मला त्यातली मजा सोडवत नाही. २५ मार्च १४२०ला सुदोम्येर्श गावाजवळ तळ्याच्या बांधावर झिश्काच्या चारएकशे माणसांनी कितीतरी मोठ्या फौजेला अंधार पडेपर्यंत थोपवले. चिखलामुळे सरदारांना घोड्यावरून उतरावे लागले. दंतकथा अशी की बायकांनी आपल्या डोक्यावरची वस्त्रे त्या दलदलीत पसरून ठेवली होती आणि सरदारांच्या टाचांचे काटे त्या कापडात गुंतत गेले. खरेखोटे बाजूला राहू द्या. शिंप्याची मुलगी म्हणून मला ती गोष्ट आवडते. टाचेच्या काट्यात अडकून टराटर फाटणाऱ्या सुती कापडाचा आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू येतो.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती शाळेच्या नाटकासारखी होईल. ३० मे १४३४ रोजी लिपानी इथे जी लढाई झाली तिच्यात दोन्ही बाजूंना गाड्यांचे कोट होते, दोन्ही बाजूंना होउफनित्से होत्या, आणि दोन्ही बाजूंना यान हुसला मानणारी, चेक बोलणारी माणसे होती. एका बाजूला तडजोडीला तयार झालेले मवाळ, त्यांच्या जोडीला कॅथलिक सरदार. दुसऱ्या बाजूला ताबोरचे कडवे. मवाळांनी पळाल्याचे सोंग केले. कडवे आपला कोट उघडून त्यांच्या मागे धावले, आणि उघड्या माळावर आल्याबरोबर पळणारे गाडे थांबले, वळले आणि आग ओकू लागले. त्या क्षणी नळीसमोर जो होउफ होता तो कोणाचा होता? झिश्का हे पाहायला नव्हता, तो दहा वर्षांपूर्वी प्लेगसारख्या कुठल्याशा दुखण्याने गेला होता. ताबोरच्या संग्रहालयात या लढाईचे दालन मुलांनी घाईघाईने ओलांडले. मला वाटते बाईंनाच ते नको होते.

लिपानीनंतर जे उरले त्यांच्या हातात एकच कसब होते. गाड्यांच्या कोटातून लढायचे आणि आखूड नळ्या डागायच्या. हे कसब विकत घ्यायला मध्य युरोपात गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. हंगेरीत, पोलंडच्या राजाकडे, जर्मन संस्थानिकांकडे हे चेक भाडोत्री सैनिक पसरले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नळी आणि नळीचे नाव गेले. १४४०च्या एका जर्मन कागदात तो शब्द ‘आउफेनित्स’ असा उमटला आहे. लिहिणाऱ्याने बहुधा कानावर पडले तसे लिहून टाकले, आमच्या अण्णांनी ‘हविझर’ केले तसेच. पुढे घासूनपुसून जर्मनमध्ये तो ‘हाउबित्से’ झाला. यातली गंमत अशी की चेक भाषेने ‘होउफ’ हा शब्द मुळात जर्मनकडूनच घेतलेला होता. जुन्या जर्मनमध्ये ‘हूफे’ म्हणजे ढीग, रास, माणसांचा जथा. आजचा ‘हाउफेन’ तोच. म्हणजे लेक सासरी गेली, तिथे तिला नळी, चाके आणि दारूचा वास चिकटला, आणि दोनएक पिढ्यांनी ती माहेरी आली तेव्हा घरच्यांनी तिला पाहुणी म्हणून पाट दिला. आज जर्मन माणूस हाउफेन म्हणतो आणि हाउबित्से म्हणतो, आणि दोघी एकाच घरातल्या असाव्यात अशी शंकाही त्याला येत नाही.

जर्मनमधून मग हा शब्द चहूकडे सुटला. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘हाउबित्स’, फिनिशमध्ये ‘हाउपित्सी’, पोलिशमध्ये ‘हाउबित्सा’, डचमध्ये ‘हाउवित्सर’, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस डचमधून इंग्रजीत. ज्या भाषांना ह चा उच्चार जमत नाही त्यांनी तो सरळ गिळला: इटालियनमध्ये ‘ओबिचे’, स्पॅनिशमध्ये ‘ओबूस’, फ्रेंचमध्ये ‘ओब्यु’. फ्रेंचांनी तर आणखी एक उडी मारली. त्यांच्याकडे ओब्यु म्हणजे आता तोफेतून उडणारा गोळा, आणि तोफेला त्यांना ‘ओब्युझिए’ असे नवे नाव पाडावे लागले. गर्दीवरून तोफेवर आलेला शब्द तोफेवरून गोळ्यावर गेला. सुटलेली वस्तू जशी पुढे जात राहते तसा. रशियनमध्ये ह नाही, तिथे त्याचा ग होतो, म्हणून ‘गाउबित्सा’. आणि युक्रेनियनमध्ये तेच अक्षर ह सारखे उच्चारतात, म्हणून ‘हाउबित्स्या’. लिहिताना जवळपास तेच, बोलताना एक श्वासाचा फरक. २०२२पासून दोन्ही बाजूंच्या बातम्यांत हे दोन उच्चार रोज ऐकू येतात. कित्येकदा तोफसुद्धा एकच असते, सोव्हिएत काळातली १२२ मिलिमीटरची डी-३०. लेकीच्या प्रागमधल्या इमारतीत तळमजल्यावर एक युक्रेनियन आजी राहतात. जिन्यात भेटल्या की त्या माझ्या पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास घेतात आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारतात. आमची गाडी त्यापुढे जात नाही. हा शब्द आमच्या दोघींच्या गावांत समाईक आहे, हे त्यांना सांगावे असे मला एकदा वाटले होते. मग वाटले, कशाला.

चेक भाषेने जगाला दिलेल्या शब्दांची यादी लोक कौतुकाने सांगतात आणि ती ऐकताना मला दर वेळी कसेसेच होते. एक ‘रोबो’, तो १९२०च्या एका नाटकातला. दुसरा हा. आणि तिसरा, बहुतेक अभ्यासकांच्या मते, पिस्तूल. त्याच हुसपंथी शेतकऱ्यांकडे हातात धरून उडवायची एक बारीक नळी होती आणि तिला ते ‘पिश्त्याला’ म्हणत. पिश्त्याला म्हणजे शिट्टी, पावा. मला विचाराल तर पिपाणी. हा शब्द युरोप पालथा घालून, समुद्र ओलांडून, युरोपीयांबरोबर आपल्याकडे आला आणि असा रुळला की दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल मागणाऱ्या पोराला तो परका आहे हे सांगूनही पटणार नाही. आमच्या देवळालीत जत्रेला मी दोन्ही घेत असे. एका हातात पत्र्याचे पिस्तूल, त्यातून लाल टिकल्यांची गुंडाळी सापासारखी बाहेर लोंबते आहे आणि बोटांना गंधकाचा वास लागला आहे. दुसऱ्या हातात पिपाणी, जिचे टोक चावून चावून ओले झाले आहे. दोन्ही हातांत एकच शब्द धरून मी घरी चालत येत होते म्हणायचे.

आणि आमच्या गावाने काय कमी केले? इंग्रजांच्या काळात देवळालीला परतीच्या गोऱ्या शिपायांचा तळ होता. मायदेशी नेणारी जहाजे ठराविक महिन्यांतच सुटत, आणि त्यांची वाट पाहत महिनोन्‌महिने ऊन, माश्या आणि रिकामपण यांत बसलेल्या त्या माणसांचे डोके फिरत असे. त्यावरून इंग्रजी लष्करी बोलीत ‘डूलॅली’ हा शब्द आला. डूलॅली म्हणजे चळलेला, वेडसर. पूर्वी त्याला शेपूटही होते, ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आजही कोणी इंग्रज माणूस दुसऱ्याला डूलॅली म्हणतो तेव्हा त्याच्या जिभेवरून माझे गाव जाते, त्याची चिंचेची झाडे आणि बराकींची कौले जातात, आणि त्याला पत्ताही नसतो. म्हणून मी हॉवित्झरच्या बाबतीत फार साळसूदपणा करू शकत नाही. सैन्ये ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरचे शब्द त्यांच्या बुटांना चिकटतात. चिखल कुठला होता हे पुढच्या मुक्कामी कोणी विचारत नाही.

प्रागच्या पूर्वेला वीत्कोवच्या टेकडीवर झिश्काचा घोड्यावरचा प्रचंड ब्राँझचा पुतळा आहे. घोड्याचा वर उचललेला पाय पाहून माणूस लहान होतो. पायथ्याशी उभे राहून मी लेकीला म्हटले की या घोड्याच्या पोटाखाली अण्णांचे दुकान सहज मावले असते. १४२१ साली राबीच्या किल्ल्याला वेढा घातलेला असताना झिश्काचा उरलेला डोळाही गेला आणि पुढची तीनेक वर्षे त्याने पूर्ण आंधळेपणी लढाया मारल्या. सोबतचे लोक त्याला जमिनीचे वर्णन करून सांगत: डावीकडे उतार आहे, पुढे ओढा आहे, धूळ त्या अंगाने उठते आहे. तो ऐकून गाडे लावी. मला यावरून अण्णांच्या दुकानात ऐकलेली एक गोष्ट आठवली. तिथले गनर सांगत की गन डागणाऱ्याला गोळा कुठे पडतो ते दिसत नाही. दूर टेकडीवर ‘ओपी’, म्हणजे टेहळणी करणारा, बसलेला असतो, तो पाहतो आणि आकडे कळवतो, आणि हे इकडे नळीचा कोन बदलतात. आजची हॉवित्झर अशी गोळा उंच फेकून डोंगरापलीकडे टाकते. बोफोर्सचा पल्ला तीस किलोमीटरच्या आसपास जातो. ताबोरच्या त्या नळीला तीनशे पावलांपलीकडे फारसे काही करता येत नसावे. म्हणजे ज्या हत्याराचे नावच समोर दिसणाऱ्या गर्दीवरून पडले, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला आता समोर फक्त टेकडी दिसते. नाव तेवढे जुन्या पत्त्यावर राहिले आहे.

वाटेत हा शब्द पुन्हा एकदा आपल्या घरी राबायलाही आला होता. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तोफा मोठ्या संख्येने प्लझेनच्या स्कोडा कारखान्यात होत. चेक कामगार त्या ओतत, घासत, जोडत, आणि आपापसांत त्यांना होउफनित्से म्हणत असणार. साम्राज्याच्या कागदोपत्री मात्र तिचे नाव जर्मन: ‘फेल्डहाउबित्से’, नमुना १९१४चा. पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्याच आजोबा-पणजोबांनी दारात सोडलेला शब्द परक्या टोपीत परत आला होता, आणि आता त्याची हुकमी सही लागत होती. कारखान्याच्या मूळ पुरुषाचे ते आडनाव, स्कोडा, चेक भाषेत साध्या अर्थाने काय होते ते लेकीने मला ट्रॅममध्ये सांगितले. नुकसान. कोणाचा पेला फुटला, गाडी चुकली, तर तिथे हळहळून ‘श्कोदा’ म्हणतात.

परत आल्यावर मी अण्णांना हे सगळे सांगायला बसले. अण्णा आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली. फळी, कात्री आणि त्या वह्यांचा गठ्ठा मात्र त्यांनी पलंगाखाली ठेवला आहे. दुपारची वेळ होती आणि डोंगराच्या बाजूला फायरिंग चालले होते. अण्णांना ते आता ऐकू येत नाही, पण पाण्याच्या भांड्यात कडेकडेने बारीक लाटा उठल्या की ते मान हलवतात. मी मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच, त्यांना सांगितले की हविझर म्हणजे जमाव. त्या लोकांच्या भाषेत जमावावर मारायची ती हविझर. गाड्यांचा कोट सांगितला, सोटे सांगितले, चिखलात पसरलेली वस्त्रे सांगितली. त्यावर त्यांचे लक्ष आले.

“कापड कोणतं होतं?”

“सुती असेल, नाहीतर ताग-अंबाडीसारखं काहीतरी.”

“मग अडकेल. लोकरी असतं तर निसटलं असतं.” ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “जमाव कसला? हे तर एकेकटे यायचे. एका माणसाचं माप दुसऱ्याला कधी बसलं नाही.” आणि त्यांनी वाकून पलंगाखालून एक वही ओढली, मधलेच कुठले तरी पान उघडले आणि बोटाने ओळ दाखवली. कोणाचे होते कुणास ठाऊक, नाव उडाले होते. छाती ३६, गळा १४, आणि पुढे फिकट पेन्सिलीने ‘उजवा हात अर्धा इंच लांब’. बाहेर एक दणका झाला. मी सवयीने मधले अंतर मोजू लागले, तेवढ्यात अण्णांनी विचारले, “त्या गाड्यावाल्यांच्या अंगरख्यांना बटणं होती की नाड्या?”

संग्रहालयात त्यांचे अंगरखे काचेच्या कपाटात लावलेले होते, तोफेच्या अगदी बाजूला. ते मी पाहिलेच नव्हते.